पाण्यावरचा तवंग

आमच्या नव्या संडासातून एक गोष्ट काही केल्या जात नव्हती, आणि तिच्यावरून मी गवंड्याला घरी बोलावून त्याच्याशी भांडले. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते, पण सांगायचं तर तिथूनच सांगायला हवं.

जानेफळपासून जवळच आमचं गाव. मी तिथल्या अंगणवाडीची बाई. पोरांना खाऊ घालायचं, वजनं करायची, आयांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या, असं माझं काम. घरोघरी जाऊन ‘संडास बांधा, आणि बांधलाच तर वापरा’ असं बजावणंही माझ्याच गळ्यात पडलं होतं, तेव्हा आमच्या आळीतला पहिला संडास आमच्या परसात झाला. काहींनी बांधून त्यात सरपण भरलं. आम्ही मात्र पहिल्या दिवसापासून वापरायला लागलो. नवऱ्याला ते चार भिंतींत कोंडून बसणं सुरुवातीला काही जमेना. पण माझ्या तोंडापुढं त्याचं काय चालणार.

महिना दीड महिना सगळं ठीक होतं. मग आमची चार वर्षांची मुलगी संडासात बसायला शिकली. त्याआधी ती परसात बसायची, मी वरून राख टाकायची आणि फावड्यानं उचलून उकिरड्यावर नेऊन टाकायची. राखेखाली काय होतं ते मी कधी पाहिलंच नाही. पोरांची शी कोण निरखून पाहतं? आता मात्र ती सगळी पांढऱ्या भांड्यात, डोळ्यासमोर यायला लागली. रंग फिकट, ओल्या शाडूसारखा. एवढ्याशा पोरीची, पण मोठ्या माणसापेक्षा जास्त. आणि पाणी टाकलं की ती फिरायची, गटांगळी खायची आणि पुन्हा वर यायची. टमरेल झालं, बादली झाली, दुसरी बादली झाली, तरी ती तिथंच.

वासाचं तर काय सांगू. संडासात वास येणारच, हे मला कळतं. पण हा वास वेगळा होता. ढोरांसाठी भिजवलेली सरकीची ढेप तीन दिवस टोपल्यात विसरली की जो आंबट, खवट, तेलकट वास सुटतो, तसला. दार लावलं तरी स्वयंपाकघरात यायचा. नाकात बसायचा आणि जेवताना आठवायचा. मी फिनेल ओतलं, चुना टाकला, काही उपयोग झाला नाही. मी ठरवून टाकलं की गवंड्यानं उतार चुकवला आहे.

गवंडी जानेफळचा, मुसलमान, वयानं मोठा, कमी बोलणारा. मी त्याला दारातच फैलावर घेतलं. तो ऐकून घेत राहिला. मग त्यानं बादलीभर पाणी ओतलं, ते खळखळ निघून गेलं. मुठीएवढा ओल्या मातीचा गोळा टाकून पुन्हा ओतलं, तोही गेला. मी म्हटलं, आत्ता जातंय, सकाळी जात नाही. नेमकी पोरगी तेव्हाच ‘मले लागली’ म्हणत आली. तो बाजूला जाऊन उभा राहिला. ती उठल्यावर मी म्हटलं, बघा आता तुमच्याच डोळ्यांनी. त्यानं पाहिलं, पाणी ओतलं, पुन्हा पाहिलं. आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाला, “बाई, सीट बराबर हाय. पानी जाऊन राह्यलं ना. हे वरच राह्यते, तेलावानी. घरात बाकीच्यायचं जाते का नाई?”

मी म्हटलं, जातं.

“मंग लेकराले दाखवा कोनाले तरी,” तो म्हणाला, आणि चहा न घेता निघून गेला.

सगळ्या गावाच्या पोरांची वजनं करणारी मी, आणि माझ्या पोरीचं पोट बिघडलंय हे मला गवंड्यानं सांगावं! मला भयंकर राग आला. राग त्याचा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. अंगणवाडीतल्या लोंबत्या काट्यावर गेले चार महिने तिचं वजन वाढत नव्हतं. उलट थोडं उतरलंच होतं. तक्त्यावर तिची रेघ हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात घसरली तेव्हा मी अर्धा किलो जास्त लिहिला होता. बाईचीच पोर पिवळ्यात, हे लोकांनी का बघावं? पोरीचं पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या, आणि दिवसभर किरकिर. मी म्हणायची, हट्टी आहे, बापावर गेली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन संडासाच्या झरोक्यातून थेट भांड्यात पडलं होतं. मी वाकून पाहिलं. पाण्यावर तवंग होता. तेलाचा असतो तसा, कडेनं रंग फिरणारा. तसा तवंग मी आधी पाहिला होता. फवारणीचा पंप विसळून पाणी मोरीत ओतलं की त्यावर अगदी असाच तवंग यायचा. आणि तो पंप संडासाच्याच बाहेरच्या भिंतीला खुंटीवर लटकलेला होता.

त्या सालात काय चाललं होतं ते सांगते. बीटी कपाशी आली तेव्हा सगळ्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं की हिला अळी लागत नाही. काही वर्षं नाही लागली. मग बोंड वरून हिरवंगार आणि फोडलं की आत गुलाबी अळी, असं सुरू झालं. मावा, तुडतुडे होतेच. लोक घाबरून दोन दोन, तीन तीन औषधं एकत्र करून फवारायला लागले. आमच्याकडं विषाला औषधच म्हणतात. फवारताना माणसं चक्कर येऊन पडल्याच्या बातम्या रोज कानावर यायच्या. कपाशी माणसाच्या डोक्याएवढी उंच, औषध वर उडायचं आणि तोंडावर पडायचं. माझा नवरा पहाटेच पंप पाठीला लावून निघायचा आणि दुपारी डोळे लाल करून परत यायचा. तो आंघोळीला जायच्या आधीच पोरगी धावत जाऊन त्याच्या पायांना मिठी मारायची. तो तिला उचलायचा. मी ओरडायची, तो हसायचा आणि म्हणायचा, “अवं, हात धुतले ना म्या.”

म्हणून तो तवंग पाहिल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही. नवरा शेतातून दारात आला तेव्हा मी त्याला आत यायलाही दिलं नाही. हाताला धरून संडासाकडं नेलं, दाखवलं आणि म्हटलं, “पाहा. तुमच्या हातानं जहर गेलं पोरीच्या पोटात.”

तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं एकदा भांड्यात पाहिलं आणि मग आपल्या दोन्ही हातांकडं पाहिलं, पुढून आणि मागून.

त्या दिवसापासून त्यानं पोरीला हात लावला नाही. पंप उचलून शेतातल्या कोपीत, गवताच्या झोपडीत, नेऊन ठेवला, कपडेही तिथंच ठेवले. आपलं ताट वेगळं केलं. हातांना माती चोळायचा, मग राख, मग साबण, मग एकदा रॉकेलही चोळताना मी त्याला पाहिलं. कातडी फाटली, भेगांत रक्त दिसायचं. पोरगी ‘बाबा’ म्हणत धावत आली की तो दोन्ही हात पाठीमागं घ्यायचा आणि तसाच तिच्याशी बोलायचा. तिला वाटायचं त्यानं मागं काही खाऊ लपवलाय. ती त्याच्याभोवती फिरून मागं बघायला जायची, तो फिरायचा. पहिले दोन दिवस तिला तो खेळ वाटला. मग एकदा भाकरीचं पीठ मळत असताना माझ्याजवळ येऊन तिनं विचारलं, “आई, बाबा मले घेत काऊन नाई?” मी म्हटलं, दमतात ते.

मेहकरच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, मग पोटातल्या जंतूंचं. मी त्यांना विषाचं विचारलं. ते म्हणाले, विषाचं असं होत नाही. मला पटलं नाही. त्यांनी अकोल्याच्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. ती चिठ्ठी मी देवाच्या फोटोमागं तीन आठवडे ठेवली. कपाशी वेचायची आहे, अंगणवाडीला सुट्टी नाही, अशी कारणं मी सांगत होते. खरं कारण एवढंच की अकोल्याला ‘हो, विषच आहे’ असं कोणी म्हटलं तर मी त्याच्याबरोबर एका घरात कशी राहणार होते, ते मला कळत नव्हतं.

तेवढ्या दिवसांत मी एक मात्र केलं. पोरीला खाऊ घातलं. आमच्याकडं पूर्वी पोळी म्हणजे सणाची नाहीतर पाहुण्याची. रोजची भाकर. पण कपाशी बांधाला टेकली तशी शेतातली ज्वारी गेली. रेशनचा गहू आला, आणि पोळी रोजची झाली. ज्वारी कधीमधी बाजारातून आणायची, तीही मोठ्यांसाठी. भाकर जड, लेकराला कशी पचणार? तिच्यासाठी मऊ पोळी, वर तूप. सकाळी चहात बिस्किटं. अंगणवाडीत पोषण आहाराचं पाकीट यायचं, त्यातला गव्हाचा शिरा मी तिला दोन वेळा करून घालायची. मला वाटायचं, विष अंगातून निघायचं तर अंगात ताकद हवी. तूपही वाढवलं. ती जितकं खायची तितकी वाळत होती, आणि संडासातला वास वाढत होता. रोज सकाळी ती उठली की मी दाराबाहेर उभी राहायची आणि आत डोकवायचं टाळायची.

शेवटी एक दिवस ती अंगणवाडीच्या पायरीवरून उठताना मट्‌कन खाली बसली आणि रडलीही नाही. संध्याकाळी मी ती चिठ्ठी काढली.

शी तपासायला घेऊन जा, असं चिठ्ठीत होतं. औषधांच्या दुकानातून डबी आणली, झाकण घट्ट लावलं, तीन पिशव्यांत गुंडाळली, तरी मेहकरच्या पुढं एसटीत वास सुटलाच. पुढच्या बाकावरच्या बाईनं नाकाला पदर लावला. कोणीतरी खिडकी उघडली. कंडक्टर येऊन म्हणाला, “बाई, लेकरानं घान केली वाट्टे, उतरून धुऊन घ्या.” पोरगी माझ्या मांडीवर बसून हळूच म्हणाली, “म्या नाई केली.” मी तिचं डोकं छातीशी दाबून धरलं. नवरा सगळ्यात मागच्या बाकावर बसला होता, हात गुडघ्यांत खुपसून. आमच्या बाजूला जागा होती, तरी तो तिथंच बसला होता.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी झाकण उघडलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. विचारलं, “पाण्यावर तरंगते? भांड्याला चिकटते? वर तेलासारखं दिसतं?” मी प्रत्येकाला हो म्हणत गेले.

“ही चरबी आहे,” त्या म्हणाल्या.

“औषध नाही?” मी विचारलं.

“कसलं औषध?”

मी सांगितलं. पंप, फवारणी, तवंग, सगळं. नवरा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, आत आलाच नव्हता. डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. फवारणीपासून पोरीला जपताय ते जपाच, म्हणाल्या, पण हे ते नाही. “हा तवंग तुम्ही घालता त्या तुपाचा आहे. तूप पचून अंगी लागायला हवं. हिच्या आतड्याला ते ओढूनच घेता येत नाही. मग ते तसंच मोठ्या आतड्यात उतरतं. तिथं जंतू बसलेलेच असतात, ते त्याला नासवतात, आंबवतात. आंबट, खवट वास येतो तो त्याचा. त्यातूनच वायू धरतो, आणि चरबी मुळात हलकी. म्हणून ती बुडत नाही.”

मग त्यांनी विचारलं, खायला काय देता? हा प्रश्न आयांना विचारण्यात माझं आयुष्य गेलं होतं. मी मान वर करून सांगितलं. तूपपोळी, शिरा, बिस्किटं. नवराही दारातून पहिल्यांदाच बोलला, जरा अभिमानानंच, “भाकर तं लागूच देत नाई आमी तिले.”

त्यांचं लिहिणं थांबलं. त्यांनी आधी माझ्याकडं, मग पोरीच्या पोटाकडं पाहिलं आणि रक्ताची तपासणी लिहून दिली. त्यानंतर आणखी एक खेप झाली, तोंडातून नळी घालून आतड्याचा कण काढला. मग त्यांनी आम्हाला समोर बसवून समजावलं. “कणीक मळली की ती ताणते, तुटत नाही. ज्वारीचं पीठ ताणलं तर फाटतं, म्हणून तुम्ही भाकर थापता, लाटत नाही. गव्हात ते जे ताणणारं आहे ना, तेच हिच्या आतड्याला सोसत नाही. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, अन्न ओढून घेणारी. ती लव हिच्यात झडून गेली आहे. गहू बंद केला की परत येईल. पण कायमचा बंद. एक घासही नाही.”

मी मनात मोजत होते. शिरा दोन वेळा. त्या पाकिटाचा काही दोष नव्हता, त्यावर गावची बाकीची पोरं बाळसं धरत होती. मीच ते कालवून, फुंकर मारून, एक घास चिऊचा म्हणत तिच्या तोंडात घालत होते.

नवऱ्यानं एकच विचारलं. “मंग माह्या हातानं नाई?”

डॉक्टरीणबाईंना त्याचा रोख कळला नाही. त्या म्हणाल्या, हाताचा काय संबंध? पण मला कळला होता. उत्तर मी द्यायला हवं होतं. तुमच्या नाही, माझ्या हातानं, एवढंच म्हणायचं होतं. मी पोरीच्या फ्रॉकचं बटण लावत बसले. परतीच्या एसटीत तो आमच्या बाकावर बसला, पण मधे पिशवी ठेवून.

गहू बंद करणं सांगायला सोपं आहे. गिरणीत आधी गहू दळलेला असला की ज्वारीच्या पिठात तो उतरतो, म्हणून डॉक्टरीणबाईंनी गिरणीतलं दळणही बंद करायला लावलं. मोरीजवळ कपडे आपटायला पडलेलं जातं मी घासून, उकळत्या पाण्यानं धुऊन आत आणलं. दळताना खांदे भरून यायचे आणि मला ते बरं वाटायचं. कशाची तरी फेड होतेय असं वाटायचं. पोरगी आधी भाकर थुंकायची. मग दुधात कुस्करून खायला लागली. पंधरा दिवसांत किरकिर थांबली. आणि महिना उलटल्यावर एका सकाळी मी सवयीनं दोन बादल्या भरून घेऊन गेले, तर एकाच टमरेलात भांडं स्वच्छ झालं. मी तिथूनच नवऱ्याला हाक मारली. तो घाबरून धावत आला. आम्ही दोघं दारात उभे राहून त्या रिकाम्या भांड्याकडं बघत होतो. पोरगी चड्डी वर ओढत म्हणाली, “बुडाली वं आई!” मी हसायला लागले आणि मग मला रडू आवरेना. त्या महिन्यात तिचं वजन मी खरं लिहिलं. रेघ पिवळ्यातच होती, पण वर तोंड करून.

पावसाळा आला तेव्हा नवऱ्यानं मला न विचारता कपाशीच्या ऐन मधे आठ तासं, म्हणजे आठ ओळी, ज्वारी पेरली. लोक हसले. गावात दुसरीकडं कुठंच ज्वारी नाही म्हटल्यावर सगळ्या शिवारातली पाखरं तिच्यावर पडणार, हे पोरंही सांगू शकली असती. तशी ती पडलीच. कणसं दुधात आल्यापासून तो उजाडल्यापासून गोफण घेऊन मचाणावर बसायचा. ज्वारीच्या बाजूच्या पट्ट्यात त्यानं यंदा फवारलं नाही, तिथली बोंडं अळीनं खाल्ली तरी तो काही बोलला नाही.

तोवर तो पोरीला घ्यायला लागला होता. पण आधी मोरीवर जाऊन हात धुवायचा, मग हुंगून बघायचा, मग घ्यायचा. मला ते दिसायचं. आज बोलू, उद्या बोलू, असं मी म्हणत राहिले. मी फार बोलते, हे सगळं गाव सांगेल. तेवढं एक वाक्य मात्र माझ्या तोंडून आलं नाही.

एका दुपारी मी पोरीला घेऊन शेतात गेले. त्यानं पहिली कणसं भाजून ठेवली होती. तळहातावर चोळून, फुंकून त्यानं कोंडा उडवला आणि हिरवट गरम दाणे ओंजळीत धरून तो खाली बसला. पोरगी तोंड उघडून त्याच्याकडं धावली. ती पोचायच्या आत त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, “धुतले हो हात, दोनदा धुतले.”

मी काही विचारलं नव्हतं.